सतरा गाणी की दहा? 'ॲबी रोड'ची क्रमवारी लावताना काय घडलं

पार्श्वभूमी

अकरा जणांचा हा गट अधूनमधून जमतो, एक अख्खा रॉक अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकतो आणि मग त्यावर मनसोक्त बोलतो. गटात एक हौशी गिटारवादक आहे, एकीचं काम ध्वनिमुद्रणाचं आहे, तबकड्यांच्या जमान्यात वाढलेले एक ज्येष्ठ सदस्य आहेत आणि ज्यांनी हे सगळं संगीत फोनवरच ऐकलं असे तिघं तरुणही आहेत. बीटल्स या ब्रिटिश रॉक बँडच्या 'ॲबी रोड'ची पाळी आली तेव्हा आयोजकाने सुचवलं की या वेळी नुसतं बोलायचं नाही, गाण्यांची क्रमवारीही लावायची. मतमोजणी माझ्याकडे आली, म्हणून सगळा प्रकार जवळून पाहायला मिळाला. कोणाची ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत.

'ॲबी रोड' २६ सप्टेंबर १९६९ रोजी ब्रिटनमध्ये बाजारात आला. 'लेट इट बी' त्यानंतर, १९७० मध्ये प्रसिद्ध झाला खरा, पण त्याचं बरंचसं ध्वनिमुद्रण आधीच होऊन गेलं होतं. त्यामुळे जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि ड्रमर रिंगो स्टार या चौघांनी मिळून घडवलेला शेवटचा अल्बम म्हणून 'ॲबी रोड'कडेच पाहिलं जातं. तबकडीच्या पहिल्या बाजूला सहा गाणी आहेत आणि दुसऱ्या बाजूला अकरा. या अकरांपैकी आठ, म्हणजे 'यू नेव्हर गिव्ह मी युअर मनी'पासून 'दि एंड'पर्यंतची, एका ओळीत गुंफलेली आहेत. हीच ती प्रसिद्ध मेडली.

अडचण

सुरुवात अगदी साधी होती. आयोजकाने सगळ्यांना आपापली आवडती तीन गाणी कळवायला सांगितली. 'समथिंग', 'हिअर कम्स द सन' आणि 'कम टुगेदर' ही नावं अपेक्षेप्रमाणे आलीच. पण एका चिठ्ठीवर नुसतं 'मेडली' लिहिलेलं होतं. दुसरीवर होतं, 'गोल्डन स्लम्बर्सपासून पुढे सगळं'. गिटारवादकाने तर 'दि एंडमधली गिटार' एवढंच लिहून दिलं.

या चिठ्ठ्या मोजायच्या कशा? 'मेडली' हे एक मत आठ गाण्यांना वाटून द्यायचं, की आठांनाही पूर्ण द्यायचं? आयोजकाला हा प्रश्न किरकोळ वाटला. वेष्टणावरची यादी घ्या आणि मोकळे व्हा, असं त्याचं म्हणणं. पण चर्चेत जसजसे खोल गेलो तसं दिसू लागलं की क्रमवारीचा निम्मा निकाल इथेच ठरणार आहे. मतं पडायच्या आधीच.

ज्येष्ठ सदस्यांनी आपली बाजू ठामपणे मांडली. "अरे, 'कॅरी दॅट वेट'मध्ये 'यू नेव्हर गिव्ह मी युअर मनी'ची चाल परत येते. ती परत येते म्हणून अंगावर काटा येतो. आता या दोघांना वेगवेगळे क्रमांक देणार का तुम्ही?" म्हणणं बिनतोड होतं. त्या चालीचं पुनरागमन हाच मेडलीचा कणा आहे. मधली गाणी वगळून 'कॅरी दॅट वेट' एकटं ऐकलं तर ब्रास वाद्यांवर उमटणारी ती चाल नुसती छान वाटते. मेडलीच्या ओघात ऐकली की ती आठवण होऊन येते.

विचारात घेतलेले पर्याय

*एकक कोणतं धरायचं?* तीन पर्याय पुढे आले.

पहिला पर्याय वेष्टणाप्रमाणे सतरा गाण्यांचा. सोपा, सगळ्यांना माहीत असलेला. दोष एवढाच की 'मीन मिस्टर मस्टर्ड'सारखा मिनिटभराचा तुकडा आणि पावणेआठ मिनिटांचं 'आय वॉन्ट यू (शीज सो हेवी)' एकाच मापाने मोजले जातात.

दुसरा पर्याय मेडलीला एकच गाणं मानण्याचा. मग एकूण दहा एककं उरतात. ज्येष्ठ सदस्य आणि गिटारवादक याच बाजूचे होते. यावर आक्षेप असा की सोळा मिनिटांच्या एवढ्या मोठ्या रचनेपुढे तीन-चार मिनिटांचं गाणं उभं करणं ही बरोबरीची स्पर्धा नव्हे.

तिसरा पर्याय ध्वनिमुद्रणवाल्या ताईंनी आणला आणि मला तो सगळ्यांत विचारपूर्वक वाटला. त्यांचं म्हणणं, स्टुडिओत जे एकत्र वाजवलं गेलं ते एक. मेडलीतले बरेचसे तुकडे नंतर जोडले गेले, पण तीन जोड्या मुळातच सलग वाजवलेल्या आहेत. 'सन किंग' आणि 'मीन मिस्टर मस्टर्ड' ही एक जोडी, 'पॉलिथीन पॅम' आणि 'शी केम इन थ्रू द बाथरूम विंडो' ही दुसरी, 'गोल्डन स्लम्बर्स' आणि 'कॅरी दॅट वेट' ही तिसरी. अशा हिशेबाने सतराची चौदा होतात. जिथे वादकांनीच थांबा घेतला नाही तिथे आपण रेघ मारू नये, हे तत्त्व गटातल्या बहुतेकांना पटलं.

*मोजायचं कसं?* पहिल्या क्रमांकाला सर्वाधिक गुण, मग एकेक कमी, आणि शेवटी बेरीज. शाळेच्या स्पर्धांपासून सगळ्यांच्या ओळखीची असलेली ही पद्धत फ्रान्सचे गणितज्ञ बोर्दा यांनी १७७० मध्ये तिथल्या विज्ञान अकादमीपुढे मांडली होती. तिला पर्याय त्यांचेच समकालीन कोंदोर्से यांच्या विचारातला. प्रत्येक दोन गाण्यांची स्वतंत्र झुंज लावायची आणि जास्त लोकांनी ज्याला वर ठेवलं ते जिंकलं असं धरायचं. गाणी चौदा असली तर अशा ९१ झुंजी होतात. कागदावर कटकटीचं काम आहे, पण स्प्रेडशीटमध्ये पटकन होतं.

आयोजकाचा कल गुणांच्या बेरजेकडे होता. म्हणून मतदानाआधी मी फळ्यावर एक काल्पनिक उदाहरण मांडलं. समजा मतदार दहा आहेत. सात जणांनी 'समथिंग'ला पहिलं आणि 'हिअर कम्स द सन'ला दुसरं ठेवलं. उरलेल्या तिघांनी 'हिअर कम्स द सन' पहिलं ठेवलं, मग मेडलीतली शेवटची तीन गाणी, आणि पाचव्या क्रमांकावर 'समथिंग'. सतरा एककं धरली तर पहिल्याला १७ गुण. 'समथिंग'चे होतात ७ गुणिले १७ अधिक ३ गुणिले १३, म्हणजे १५८. 'हिअर कम्स द सन'चे ७ गुणिले १६ अधिक ३ गुणिले १७, म्हणजे १६३. जिंकलं 'हिअर कम्स द सन'.

आता मेडली एक धरा. एककं दहा, पहिल्याला १० गुण. त्या तिघांच्या यादीत 'समथिंग' आपोआप तिसरं येतं, कारण मधली तीन गाणी मिळून एक झाली. बेरीज होते ९४ विरुद्ध ९३ आणि जिंकतं 'समथिंग'.

कोणाचीही आवड तसूभर बदललेली नाही. मेडलीचं काय करायचं या निर्णयाने मेडलीत नसलेल्या दोन गाण्यांचा निकाल फिरला. फळ्याकडे बघत खोलीत बराच वेळ कोणी बोललं नाही. मग आयोजकानेच बेरजेचा आग्रह सोडला. समोरासमोरच्या झुंजीत हा घोळ होत नाही, कारण दोन गाण्यांच्या मध्ये किती गाणी आहेत याला तिथे किंमतच नसते.

*'हर मॅजेस्टी'चं काय?* तेवीस सेकंदांच्या या तुकड्यावर सर्वांत जास्त वेळ गेला, आणि तो सत्कारणी लागला असं मी म्हणेन. मुळात हे गाणं मेडलीच्या मधोमध होतं, 'मीन मिस्टर मस्टर्ड' आणि 'पॉलिथीन पॅम'च्या बेचक्यात. मॅकार्टनीला ते तिथे पटलं नाही, त्याने काढून टाकायला सांगितलं. पण ध्वनिमुद्रित केलेलं काहीही फेकायचं नाही असा स्टुडिओचा दंडक. म्हणून टेप सांभाळणाऱ्या जॉन कर्लँडरने तो कापलेला तुकडा कोऱ्या पट्टीनंतर टेपच्या शेवटी चिकटवून ठेवला. पुढे तो तिथेच आवडला आणि राहिला. सुरुवातीच्या प्रतींच्या वेष्टणावर त्याचं नावसुद्धा नव्हतं.

ध्वनिमुद्रणवाल्या ताईंनी हा भाग सगळ्यांना हेडफोनवर ऐकवला. 'दि एंड' संपतं, शांतता पसरते, आणि एकदम एक जोरकस कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवलेले अनेक सूर, आदळते. ती कॉर्ड 'हर मॅजेस्टी'ची नाहीच. 'मीन मिस्टर मस्टर्ड'चा तो शेवटचा आघात आहे, कापताना तिच्याबरोबर आलेला. आणि गाणं संपताना शेवटचा सूर गायब, कारण तो 'पॉलिथीन पॅम'च्या सुरुवातीखाली गाडला गेला. म्हणजे सुरुवात दुसऱ्याची आणि शेवट दुसरीकडे, अशा अवस्थेत ते गाणं तिथे उभं आहे. तरुणांपैकी एकीने हा अल्बम कितीदा तरी ऐकला होता, पण त्या कॉर्डचं मूळ तिला ठाऊक नव्हतं. तिने तो भाग पुन्हा पुन्हा लावून घेतला.

याला क्रमवारीत घ्यावं का? काही जण म्हणाले, अपघाताने राहिलेल्या तुकड्याला क्रमांक कशाला. ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "अल्बमवर आहे ना? मग आहे." घेण्याच्या बाजूने निसटतं बहुमत झालं.

काय केलं

अल्बम पूर्ण ऐकायचा, दोन्ही बाजू एकाच बैठकीत, तबकडीवर, आणि बाजू उलटेपर्यंत कोणी बोलायचं नाही, असं ठरलं.

तबकडीचा आग्रह ज्येष्ठ सदस्यांचा. त्यामागचं कारण प्रत्यक्ष ऐकताना सगळ्यांच्या ध्यानात आलं. पहिल्या बाजूच्या शेवटी 'आय वॉन्ट यू'चा तो जड, वजनदार गिटारचा फेरा मिनिटामागून मिनिटं फिरत राहतो, वाऱ्यासारखा घोंघाट वाढत जातो, आणि एका क्षणी सगळं कापल्यासारखं थांबतं. ओसरत जाणं नाही की शेवटचा सूर नाही. लेननने टेप तिथेच कापायला सांगितली होती. तबकडीवर यानंतर काहीच नसतं. उठावं लागतं, बाजू उलटावी लागते, सुई टेकवावी लागते, तेव्हा कुठे 'हिअर कम्स द सन'ची गिटार सुरू होते. फोनवर हेच गाणं त्या कापानंतर क्षणभरात येतं. तरुणांपैकी एक म्हणाला की त्याला 'हिअर कम्स द सन' आवडण्यात त्या तात्काळ सुटकेचा मोठा वाटा आहे, तबकडीवर तो परिणाम वेगळा झाला. शेजारच्या गाण्याचा एखाद्या गाण्यावर किती हक्क असतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला सापडणार नाही. अल्बमची जुळवाजुळव चालू असताना एका टप्प्यावर दोन्ही बाजूंचा क्रम उलटा होता. तो तसाच राहिला असता तर अल्बम त्या कापावर संपला असता आणि आपण आज या दोन्ही गाण्यांबद्दल वेगळंच बोलत असतो.

दुसरा निर्णय माहितीबद्दलचा. आयोजकाने प्रत्येक गाण्यावर टिपणं तयार केली होती आणि ती मतदानाआधी वाटायची होती. गटाने ती नंतर वाटायचं ठरवलं, आणि माझ्या मते हा सगळ्यांत शहाणा निर्णय होता. उदाहरणार्थ, 'मॅक्सवेल्स सिल्व्हर हॅमर'वर मॅकार्टनीने घालवलेल्या वेळाचा बीटल्समधल्या बाकी मंडळींना वैताग आला होता, हे त्यांनी पुढे मुलाखतींतून सांगितलं आहे. हे आधी वाचलं की ते गाणं ऐकताना कान आपोआप नाराजी शोधू लागतात. तसंच, स्ट्रीमिंगवर बीटल्सचं सर्वाधिक ऐकलं जाणारं गाणं 'हिअर कम्स द सन' आहे, हे कळलं की काही जण मुद्दाम त्याच्या बाजूने झुकतात आणि काही मुद्दाम त्याच्या विरुद्ध.

ऐकून झाल्यावर प्रत्येकाने न बोलता, कागदावर चौदाही एककं क्रमाने लिहिली आणि प्रत्येकापुढे एका वाक्यात कारण दिलं. कागद गोळा झाल्यावरच तोंडं उघडली.

निकाल

'समथिंग' पहिलं आलं. 'हिअर कम्स द सन'शी त्याची झुंज सहा विरुद्ध पाच अशी सुटली. त्याच कागदांवर गुणांची बेरीज करून पाहिली तर 'हिअर कम्स द सन' पहिलं येत होतं. फळ्यावरच्या उदाहरणात जे काल्पनिक होतं ते जवळजवळ तसंच खऱ्या मतांत उतरलं. दोन्ही गाणी जॉर्ज हॅरिसनची, ही गोष्ट मात्र कोणत्याही पद्धतीने बदलत नव्हती. ज्या बँडमध्ये वर्षानुवर्षं बहुतेक गाणी लेनन आणि मॅकार्टनीची, तिथे शेवटी शेवटी हॅरिसन असा वर आला. चर्चेचा मोठा भाग याच गोष्टीने व्यापला.

तिसरं आलं 'गोल्डन स्लम्बर्स' आणि 'कॅरी दॅट वेट'चं जोडगाणं, चौथं 'कम टुगेदर', पाचवं 'दि एंड', सहावं 'आय वॉन्ट यू'. 'दि एंड'साठी गिटारवादकाने लिहिलेलं कारण मला फार आवडलं: "तिघं आळीपाळीने दोन-दोन मापं (बार) वाजवतात, मॅकार्टनी, हॅरिसन, लेनन, आणि प्रत्येकाचा स्वभाव ऐकू येतो." त्याच गाण्यात रिंगोचा ड्रम सोलो आहे, बीटल्सच्या अल्बमांवरचा त्याचा एकमेव.

मध्यभागी पेच पडला. 'ओ! डार्लिंग'ने 'बिकॉज'ला हरवलं, 'बिकॉज'ने 'यू नेव्हर गिव्ह मी युअर मनी'ला, आणि 'यू नेव्हर गिव्ह मी युअर मनी'ने 'ओ! डार्लिंग'ला. प्रत्येक जण दुसऱ्याला हरवतो आणि तिसऱ्याकडून हरतो. झुंजींच्या पद्धतीत असं चक्र होऊ शकतं, ते कोंदोर्से यांनीच दाखवून दिलेलं आहे. आयोजकाला नाणेफेक करावीशी वाटली. गटाने तिघांना सातव्या ते नवव्या क्रमांकावर संयुक्तपणे ठेवलं. हे योग्यच झालं. 'ओ! डार्लिंग'मध्ये मॅकार्टनी घसा फाडून गातो, 'बिकॉज'मध्ये तीन आवाज तीनदा ध्वनिमुद्रित होऊन नऊ होतात, आणि तिसरं गाणं स्वतःच्या पोटात चार गाणी घेऊन फिरतं. अकरा माणसांची पसंती इथे गोल फिरली याचं मला नवल वाटत नाही.

त्याखाली दहावी 'पॉलिथीन पॅम'ची जोडी, अकरावं 'ऑक्टोपसेस गार्डन', बारावं 'मॅक्सवेल्स सिल्व्हर हॅमर', तेरावी 'सन किंग'ची जोडी आणि शेवटी 'हर मॅजेस्टी'. 'मॅक्सवेल' बारावं असलं तरी तिघांनी त्याला पहिल्या पाचांत ठेवलं होतं, तर पाच जणांनी शेवटच्या तिघांत. 'ऑक्टोपसेस गार्डन' कोणाच्याच फार वर नव्हतं आणि कोणाच्याच फार खाली नव्हतं. यादीत ही दोन गाणी शेजारी बसली, पण श्रोत्यांच्या मनात त्यांच्या जागा अजिबात सारख्या नाहीत. क्रमांकाच्या एका आकड्यातून हा फरक दिसणं शक्यच नाही, म्हणून अंतिम यादीत प्रत्येक गाण्यासमोर त्याला मिळालेला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा क्रमांकही छापला.

एक नाराजी उरली. ज्येष्ठ सदस्यांना वाटलं की त्यांचं मत मांडायला कागदावर जागाच नव्हती. म्हणून निकालानंतर एक जादा प्रश्न फिरवला: मेडली एकसंध धरली असती तर तुम्ही ती कुठे ठेवली असती? अकरांपैकी सात जणांनी तिला पहिला क्रमांक दिला. म्हणजे 'समथिंग'ला पहिलं ठरवणाऱ्या गटातच मेडलीला सगळ्यांत वर मानणारे बहुसंख्य होते. गटाने दोन्ही गोष्टी यादीत लिहिल्या, वरची मुख्य क्रमवारी आणि खाली हा निकाल, आणि त्यांतली कोणती 'खरी' हे ठरवण्याच्या फंदात कोणी पडलं नाही.

काय वेगळं करता आलं असतं

मेडलीचा जादा प्रश्न मतदानाच्या कागदावरच हवा होता. निकाल कळल्यावर विचारलेल्या प्रश्नाला निकालाची हवा लागते. सातांपैकी एक-दोघांनी ज्येष्ठांचं मन राखायला तसं लिहिलं असेल, ही शंका मला आजही आहे.

'हर मॅजेस्टी'ला क्रमवारीत घेऊन फारसं काही हाती लागलं नाही. जवळपास सगळ्यांनी तिला शेवटी ढकललं, आणि कारणाच्या रकान्यात 'फार छोटं' याशिवाय कोणी काही लिहिलं नाही. याउलट हेडफोनवर ऐकताना याच तुकड्याबद्दल जे बोलणं झालं ते अख्ख्या बैठकीतलं सर्वांत जिवंत बोलणं होतं. काही गोष्टी ऐकायच्या आणि बोलायच्या असतात, मोजायच्या नसतात. तिला यादीबाहेर सन्मानाने ठेवायला हवं होतं.

चौदा एककांच्या निर्णयावर मात्र मी ठाम आहे. स्टुडिओत वादक जिथे थांबले तिथेच मोजणाऱ्यानेही थांबावं, या नियमाला निदान ध्वनिमुद्रणाचा आधार आहे. वेष्टणावरच्या यादीला तेवढाही नाही, ती तर 'हर मॅजेस्टी'ला सुरुवातीला विसरलीच होती.

गटाने पुढचा अल्बम निवडला आहे पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून', १९७३ चा. तिथेही 'ब्रेन डॅमेज' न थांबता 'इक्लिप्स'मध्ये शिरतं, आणि 'स्पीक टू मी' व 'ब्रीद' काही प्रतींवर वेगवेगळी मोजली आहेत, काहींवर एकत्र. एककाचा प्रश्न या वेळी पहिल्याच चिठ्ठीवर विचारायचा असं ठरलं आहे, आणि ती चिठ्ठी ज्येष्ठ सदस्यांनीच तयार केली आहे.